आवाजाची मुलाखत

गेल्या वर्षीची, दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. बाप यंत्रमागावर, आई घरी बसून कांड्या भरणारी. मुलगा बारावी होऊन थोडे हिशेबाचे शिकलेला. म्हणाला, "सर, परवा अकरा वाजता एका गोदामातून फोन येणार आहे. मुलाखत फोनवरच. पण बोलू कुठं?"

भिवंडीबाहेरच्या वाचकाला या प्रश्नातली गोम चटकन समजावयाची नाही. आमच्या गावात भिंतीपलीकडे माग चालू असतो, आणि त्या खटखटाटात माणसे निम्मे बोलणे ओठांवरून नि हातवाऱ्यांवरून उमजून घेतात. अशा घरातल्या मुलाने आता केवळ आवाजावर नोकरी मिळवावयाची होती!

मुलाखत हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ नुसता 'भेट'. माणसाने माणसाला समोर बसवून पाहावे, हीच पूर्वापार रीत. मुंबईच्या गिरणगावात तर बोलण्याचीही गरज नसे. सकाळी गिरणीच्या दरवाजावर बदलीवाले उभे राहात आणि जॉबर त्यांतून माणसे वेचून घेई. त्याने पाहावयाचे ते गाव, नाते, ओळख आणि मनगट. जॉबरच्या या मनमानीला आळा बसावा म्हणून १९३५ पासून बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आली. पण ओळखीचा महिमा काही सरला नाही. भिवंडीची तऱ्हा निराळी नव्हती. १८५७ नंतर उत्तरेकडून विणकरांची घराणी येथे आली, पुढे हातमाग जाऊन यंत्रमाग आले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर कापडाचे काम इकडे आणखी वाढले. मागावर माणूस लागे तो कुणाचा भाचा म्हणून, कुणाचा गाववाला म्हणून.

या साऱ्यात टेलिफोनला जागा नव्हती. वास्तविक ते यंत्र काही नवे नव्हे. १० मार्च १८७६ रोजी बोस्टनमध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलने पलीकडच्या खोलीतल्या आपल्या सहाय्यकाला, वॉटसनला, तारेतून हाक मारली. हा बेल पेशाने मास्तर, बहिऱ्या मुलांना बोलावयास शिकवणारा. त्याच्या आईला ऐकू येत नसे आणि पत्नीलाही नाही. ज्या यंत्राने त्याचे नाव जगभर झाले, त्यातून त्याचा आवाज त्या बाईला कधीच ऐकता आला नाही. अवघ्या सहा वर्षांत, १८८२ मध्ये, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे उघडली. पण सामान्यांच्या घरात तो शिरावयास शतक उलटावे लागले. ट्रंककॉल लावून तासन् तास वाट पाहावयाची, हाच कित्येक वर्षांचा शिरस्ता. १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान सरळ नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय प्रथम झाली, आणि पुढे गल्लोगल्ली एस.टी.डी.चे पिवळे फलक लागले.

त्या काळी आमच्यासारख्यांच्या अर्जावर असे तो 'पी.पी. नंबर', म्हणजे शेजाऱ्याचा. २००० साली मी एका कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि खाली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा नंबर दिला होता. एके दुपारी दुकानातला पोऱ्या धावत आला, "तुमचा फोन!" मी अनवाणी धावलो. रिसीव्हर गुळाच्या ढेपेशेजारी ठेवला होता. कानाला लावला तो नुसता टुंग टुंग आवाज. पुन्हा फोन आला नाही. ती जागा गेली, मी मास्तर झालो. त्याचे मला दुःख नाही. पण ती धाव अजून विसरलेलो नाही.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलून भारतात त्याचा आरंभ केला. तेव्हा ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला आणि गरिबाच्या खिशात स्वतःचा नंबर आला. इकडे भिवंडीच्या भोवती गोदामे उठतच होती. मुंबईची जकात चुकवून माल हद्दीबाहेर ठेवावयाचा, हे त्यांचे एक कारण. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. तिथल्या नोकरीला आता जॉबरऐवजी फोन माणूस वेचतो.

म्हणून त्या मुलाला मी सांगितले, "शाळेची किल्ली माझ्याकडे आहे. सहामाही संपली, वर्ग रिकामे आहेत." दोन दिवस आम्ही तालीम केली. मी व्हरांड्यातून फोन करी, तो वर्गातून बोले. पहिल्यांदा तो ओरडलाच; मागाच्या घरची सवय! मग सावकाश उतरला. साध्या टेलिफोनमधून सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचाच आवाज पलीकडे जातो. 'स'सारख्या अक्षरांची धार त्याहून वरची, ती वाटेतच बोथट होते. म्हणून नाव, गाव आणि आकडे तोडून तोडून सांगावयाचे. बावीस की बत्तीस, असा घोळ राहू द्यावयाचा नाही. प्रश्न पुरा ऐकावयाचा, नीट न कळल्यास पुन्हा विचारावयाचा. हिंदीत विचारले तर हिंदीत उत्तर, इंग्रजीत विचारले तर चार सरळ वाक्ये. समोर कागद, पेन आणि अर्जाची प्रत. फोन चार्ज केलेला. आणि बोलावयाचे उभे राहून, कारण वाकून बसले की आवाजही वाकतो.

ठरल्या दिवशी अकरा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. मी व्हरांड्यात येरझारा घालीत होतो. वीस मिनिटे तो बोलत होता; फळ्यासमोर ताठ उभा, जसा कविता म्हणताना उभा राही तसा.

आठवड्याने होकाराचा फोन आला, तेव्हा तो माझ्या घरीच होता. मी म्हटले, "आईला कळव." तो हसला. "सर, मागाच्या आवाजात तिला फोनवर काय ऐकू येणार? समोर जाऊनच सांगतो." आणि चपला पायात सरकवून धावत सुटला.