कासवाच्या गाण्यामागचे गाणे

लुई कॅरोल यांच्या ‘अ‍ॅलिस’शी आपल्यापैकी अनेकांची गाठ शाळेतच पडलेली असते. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या या विनोदी अद्भुतकथेच्या दहाव्या प्रकरणाअखेर एक दुःखी प्राणी हुंदके देत गाणे म्हणतो. त्याचे नाव ‘मॉक टर्टल’, म्हणजे नकली कासव. आणि गाणे कशाचे, तर कासवाच्या सूपचे! वाचक हसतो व पान उलटतो. परंतु या विनोदाचा अर्धा भाग काळाच्या ओघात हरवला आहे.

प्रथम नावाचा उलगडा करू. समुद्रातील हिरव्या कासवाचे सूप हे इंग्लंडात श्रीमंती मेजवानीचे पक्वान्न होते. ज्यांना ते परवडत नसे ते वासराचे डोके शिजवून त्या धर्तीचे सूप करीत व त्यास ‘मॉक टर्टल सूप’ म्हणत. कॅरोल यांनी या समासाचा विग्रह मुद्दाम चुकीचा केला: कासवाचे नकली सूप नव्हे, तर नकली कासवाचे सूप! म्हणूनच जॉन टेनिएल यांच्या चित्रात या कासवाला वासराचे डोके दिसते. ज्याचे सूप व्हावयाचे, तोच त्या सूपची थोरवी गातो, ही या प्रसंगातील गंमत.

आता चालीकडे वळू. हे गाणे स्वतंत्र नव्हे. जेम्स सेल्स यांचे ‘स्टार ऑफ द ईव्हनिंग’ हे सायंकाळच्या ताऱ्याला उद्देशून रचलेले गीत त्या काळी लोकप्रिय होते. कॅरोल यांनी ताऱ्याच्या जागी सूप आणून ठेवले. कासवाच्या गाण्यात शब्द तुटक व लांबवून छापले आहेत. ते केवळ हुंदके नव्हेत. भावविवश होऊन स्वर ताणणाऱ्या गायकाची ती नक्कल होय.

मग कॅरोल यांना या गीताची थट्टा करावयाची होती काय? येथे त्यांची रोजनिशी उपयोगी पडते. ऑक्सफर्डमधील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉज्सन हेच लुई कॅरोल. ४ जुलै १८६२ रोजी नौकाविहारात त्यांनी लिडेल भगिनींना ही कथा प्रथम सांगितली. त्यांतील अ‍ॅलिस तेव्हा दहा वर्षांची होती. पुढे १ ऑगस्टला याच मुलींनी आपणांस ताऱ्याचे ते गीत गाऊन दाखविल्याची नोंद त्यांनी केली आहे. चार आठवड्यांचे हे अंतर बोलके आहे. कथा एका दुपारी जन्मली खरी, परंतु नंतरच्या संध्याकाळीही तिच्यात मिसळत गेल्या, असे मानावयास ही नोंद आधार देते.

या नोंदीच्या उजेडात गाण्याचा अर्थच पालटतो. ज्या मुलींनी ते गीत मनापासून गायिले, त्यांनाच त्याचे विडंबन भेटीदाखल मिळाले. त्यात उपहासापेक्षा स्नेह अधिक आहे. आपलेच गाणे कासवाच्या तोंडी ऐकून त्या किती हसल्या असतील!

विडंबनाचे हे मर्मच आहे. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’तील विडंबने आजही हसवितात, परंतु ज्या रविकिरण मंडळाच्या काव्यरीतीवर त्यांचा रोख होता ती ज्याला ठाऊक आहे, त्याचे हसू वेगळे. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती पुष्कळदा विडंबनच आधी पडते, आणि मूळ कविता कानी घालणारे घरात आपल्यावाचून कोणी नसते. तेवढे काम आपण टाळले, तर पुढच्या पिढीला आपले हसू कळेल, पण कशावर हसलो ते कळणार नाही.

पुस्तकात कासवाचे गाणे ऐन रंगात असता खटला सुरू झाल्याची आरोळी उठते. ग्रिफिन अ‍ॅलिसचा हात धरून धावत सुटतो आणि मागून येणारे ते सूर क्षीण होत जातात. सेल्स यांचे मूळ गीतही तसेच मागे पडले. आज ते अनेकांच्या कानी पोहोचते ते कासवाच्या हुंदक्यांतूनच.