पडीक जमीन, माळढोक आणि नकाशावरची रेघ

जालना म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात, बियाणे आणि लोखंडी सळ्या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिकोची सुरुवात केली, आणि पुढे एमआयडीसीत पोलादाच्या भट्ट्या व रोलिंग मिल उभ्या राहिल्या. अशा वसाहतीत एखादा मोठा कारखाना उभारायचा किंवा वाढवायचा असेल आणि तो पर्यावरण मंजुरीच्या यादीत बसत असेल, तर एक अहवाल लागतो. तो सल्लागार संस्था तयार करते. कारखान्याभोवती साधारण दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतात, आणि त्या वर्तुळातली हवा, पाणी, माती, गावे व जीवसृष्टी यांचे वर्णन अहवालात येते. जीवसृष्टीच्या प्रकरणात दुर्मिळ जाती आहेत की नाहीत हे सांगावे लागते. त्यासाठी आधी जमीन कोणत्या प्रकारची आहे हे ठरलेले असावे लागते, आणि तेथे बहुधा महसुली दप्तरातला एक जुना शब्द पुढे येतो: पडीक. या शब्दाचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

दख्खनची शास्त्रीय पाहणी ब्रिटिश काळात सुरू झाली तेव्हा जमीन आणि पाखरे एकाच माणसाच्या वहीत होती. कर्नल विल्यम साइक्स यांना १८२४ मध्ये मुंबई सरकारने आकडेवारी गोळा करण्यासाठी नेमले. १८३१ पर्यंत ते दख्खनभर फिरले. गावे, पिके, सारा, पाऊस यांच्या नोंदी त्यांनी केल्या आणि त्याच प्रवासात पक्ष्यांच्याही. १८३२ मध्ये त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. माळावरचा एक चंडोल आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते आणि साइक्स यांचे काम मुंबई इलाख्यातले. पण माळ काही सरहद्द पाळत नाही.

ही एकत्र वही फार दिवस टिकली नाही. १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर भागात जमीन मोजणीची नवी पद्धत बसवली. मातीची खोली, पोत पाहून प्रतवारी आण्यांत ठरू लागली: खोल काळी जमीन सोळा आण्यांची, तर मुरमाड, उथळ जमीन अगदी तळाशी. साऱ्यासाठी ही पद्धत सोयीची होती यात शंका नाही. पुढे सालारजंग यांच्या काळात तशीच मोजणी मराठवाड्यातही आली. पण सारा देत नाही ती जमीन कशाचीच नाही, असा अर्थ हळूहळू तिला चिकटला. आपल्या सातबाऱ्यावरचा ‘पोटखराब’ हा शब्द त्याच वळणाचा. मेंढपाळाला जो माळ चराईचा, तो दप्तरात ‘खराब’! वनखाते आले, त्याचे लक्ष झाडांवर. ज्या जमिनीवर ना पीक ना जंगल, तिची नोंद ठेवणारे कोणीच उरले नाही.

माळ म्हणजे तोडलेले जंगल, अशी समजूत आजही अनेक पुस्तकांत आढळते. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये याची वेगळ्याच रीतीने तपासणी केली. तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले आणि लोकवाङ्मयातले वनस्पतींचे उल्लेख त्यांनी स्थळांसह गोळा केले. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोरड्या भागात गवत आणि विरळ काटेरी झाडे कित्येक शतकांपासून आहेत, असे त्यातून दिसले. मराठीच्या शिक्षकांना विज्ञानाच्या तासाला बोलवावे असे हे काम आहे.

या माळाचा सर्वांत मोठा रहिवासी माळढोक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार फार थोडे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, म्हणजे एकदा संख्या घटली की भरून यायला फार काळ लागतो. १८०९ ते १८२९ या काळात मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने एकट्या नगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. नगर भागात तेव्हा हे पक्षी किती असतील याचा अंदाज यावरून करावा.

शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली. त्याच दशकात सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक असल्याचे पक्षिप्रेमींनी निदर्शनास आणले. तेथे गंमत अशी झाली की पक्ष्याला पहिला आसरा मिळाला तो अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून. माती आणि गवत वाढावे म्हणून काही तुकड्यांवर चराई बंद झाली होती, गवत वाढले, आणि पक्षी तेथे येऊ लागले. तुकडे लहान होते, पण नेमके होते.

१९७९ मध्ये सरकारने सोलापूर आणि नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! साऱ्या जालना जिल्ह्याचे क्षेत्रफळही याहून कमी आहे. शेते, गावे, रस्ते सगळे त्या रेघेच्या आत आले. वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्यात अगदी थोडी. हेतू चांगला होता. माळढोक मोठ्या टापूत फिरतो, म्हणून रेघ मोठी, असा विचार. पण रेघ काढण्यापूर्वी अंडी कुठे घातली जातात, चरायला पक्षी कुठे जातो, कोणत्या शेतात कोणते पीक आहे, याची गावनिहाय पाहणी झालेली नव्हती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दीर्घ अभ्यास १९८१ पासून सुरू झाला, म्हणजे रेघ आधी आणि अभ्यास नंतर.

कायद्याच्या कलम २० नुसार अभयारण्याच्या अधिसूचनेनंतर त्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होत नाही. आता लाखो लोकांच्या शेतीवर हे लागू झाले तर काय होईल? जमिनीचे व्यवहार आणि बिगरशेती परवानग्या अडखळू लागल्या, आणि ज्या पक्ष्याला गावकऱ्यांनी कधी त्रास दिला नव्हता तो त्यांना अडचण वाटू लागला. आमच्या मते अभयारण्याचे सर्वांत मोठे नुकसान हेच. दरम्यान उजनीचे पाणी आले. ज्वारी, करडई, हरभरा यांच्या शेतांत माळढोक सहज वावरत असे. उसात आणि द्राक्षबागेत त्याला जागा नाही. यावर नकाशावरच्या रेघेचा काहीच ताबा नव्हता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन २०१२ च्या सुमारास क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. तोपर्यंत पक्षी जवळजवळ संपले होते. आज देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर ती बातमी होते.

जालन्याच्या अहवालाकडे वळू. आपल्याकडे असे अहवाल १९९४ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले आणि २००६ मध्ये पद्धत बदलली. अमेरिकेत हे १९६९ च्या कायद्यापासून चालू होते. नान्नजला अभ्यास रेघेच्या मागून आला. येथे अभ्यास आधी मागितला जातो, ही मोठी सुधारणा आहे. तरी तीन गोष्टी खटकतात. सल्लागाराचे शुल्क प्रकल्पवालाच देतो. मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेने जनसुनावणीतून सूट दिली, त्यामुळे ‘पडीक’ म्हटलेल्या जागेवर मेंढरे कोण चारतो हे सांगायला कोणाला बोलावले जात नाही. आणि तिसरी, आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ऋतू. पाहणी अनेकदा एकाच हंगामाची, तीही पावसाळा सोडून असते. हवेच्या मोजमापासाठी ते ठीक आहे, कारण पावसाने धूळ बसते. पण माळ जिवंत होतो तो पावसाळ्यातच. तणमोराचा नर गवतातून उड्या मारतो तो पावसाळ्यात, आणि महाराष्ट्रात माळढोकाचा विणीचा काळही तोच. मार्चमध्ये त्या जागी गेलेल्या माणसाला वाळलेले गवत आणि मुरूम दिसेल, आणि तो प्रामाणिकपणेच लिहील की येथे विशेष काही नाही.

शाळेला हे काम जमण्याजोगे आहे. तलाठ्याकडून गावच्या गायरान व पोटखराब जमिनींचे गट क्रमांक घ्यावेत. आषाढ ते आश्विन दर पंधरा दिवसांनी सकाळी एक ठरलेली वाट चालावी. गवताची उंची, फुलोऱ्याची तारीख, चंडोल, धाविक, पखुर्डी, खोकड यांपैकी काय दिसले आणि त्या वेळी मेंढरे कुठे होती, एवढे एकाच वहीत लिहावे. वही दरवर्षी पुढच्या वर्गाकडे द्यावी, आणि गावाजवळ प्रकल्प आलाच तर तिची प्रत अहवाल लिहिणाऱ्यांना पाठवावी.