सडकेचा पैसा आणि सडक

रस्त्याचा खर्च कोणी सोसावा हा वाद फार जुना आहे. घाटाच्या तोंडाशी नाका बसवून गाडीमागे पथकर घेणे ही पूर्वापार रीत. परंतु नाक्यावर वाहतूक खोळंबते आणि वसुलीतला बराच पैसा वसुलीवरच खर्च होतो. मोटारींचा काळ आला, तेव्हा अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याने १९१९ साली रस्त्यांसाठी पेट्रोलवर गॅलनमागे १ सेंट कर बसविला. जो अधिक फिरेल तो अधिक देईल, असा हा सरळ हिशेब.

आपल्या देशात या विचारास आकार दिला तो बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीने. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले हेच जयकर. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि बैलगाडीच्या चालीसाठी केलेल्या खडीच्या सडका उखडू लागल्या. प्रांतांच्या व लोकल बोर्डांच्या थैलीत दुरुस्तीचे बळ नव्हते. १९२७ साली नेमलेल्या या समितीने दुसऱ्याच वर्षी बजावले की, रस्ते हा आता साऱ्या राष्ट्राचा प्रश्न झाला आहे. त्यानुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा कर बसला व केंद्रीय सडकनिधी उभा राहिला. वाहनांवरील कर प्रांतांकडे राहिला. आजही तो राज्यांचाच आहे.

निधीचा मोठा भाग प्रांतांना पेट्रोलच्या खपाप्रमाणे मिळे. ज्याने दिले त्याला मिळाले, हे न्याय्य खरे. पण जेथे सडक नाही तेथे मोटार नाही आणि मोटार नाही म्हणून पैसाही नाही, हा पेच त्यातच होता.

याहून मोठा धोका तिजोरीतून येतो. इंग्लंडमध्ये १९२० च्या कायद्याने वाहनकर सडकनिधीत जाऊ लागला. १९२६ साली अर्थमंत्री चर्चिल यांनी त्या निधीची शिल्लक सरकारच्या इतर खर्चाकडे वळविली, आणि १९३७ पासून कर व सडक यांचे थेट नातेच तुटले. वाहनधारक मात्र कर भरतच राहिले.

आपल्याकडे २००० साली केंद्रीय सडकनिधीचा कायदा झाला. पेट्रोल-डिझेलवरचा उपकर आधी देशाच्या संचित निधीत जमा होतो आणि संसदेने मंजुरी दिल्यावर सडकनिधीकडे वळतो. २०१८ साली निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले आणि सडकेच्या ताटात इतर वाटेकरी बसले. ती कामेही गरजेची असतील. पण सडकेच्या नावाने घेतलेल्या पैशाचा हिशेब सडकेशी जुळला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आता विजेवरच्या गाड्या आल्या. त्या पेट्रोल जाळीत नाहीत, सडक मात्र झिजवितात. म्हणून त्याच ऑरेगॉनने २०१५ पासून, स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी, धावलेल्या मैलांवर आकार घेण्याची योजना सुरू केली. आपल्यालाही आज ना उद्या नवी तोड काढावी लागेल. कर कसलाही असो, वसूल किती झाला आणि डांबर किती पडले, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून मागण्याची सवय आपण नागरिकांनी लावून घेतली पाहिजे. ती नसेल, तर कायद्यातला निधी कागदावर राहील आणि खड्डा रस्त्यावर.