बोरघाटावरचं नृत्यालय

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढला की खंडाळा. धबधब्यांचं हे गाव एकेकाळी कथकच्या नव्या प्रयोगांचं ठिकाण होतं, हे आज कुणाला सांगून खरं वाटत नाही.

भारतीय नृत्याची ओढ त्याआधी दूरदेशीही दिसली होती. अमेरिकेत नर्तकी रूथ सेंट डेनिस यांनी १९०६मध्ये 'राधा' हे नृत्य रंगवलं, तेव्हा त्यांनी हिंदुस्थान पाहिलाही नव्हता! सिगारेटच्या जाहिरातीतलं इजिप्शियन देवीचं चित्र ही त्यांची पहिली स्फूर्ती. त्यांच्याच डेनिशॉन या नृत्यसंस्थेत नर्तकी मार्था ग्रॅहम घडल्या, बाहेर पडल्या आणि अमेरिकी नृत्याला वेगळं वळण लागलं. डेनिशॉनची मंडळी १९२६मध्ये भारतातही फिरली.

मुंबईत मात्र कथक नर्तकी लीला सोखी, म्हणजे मादाम मेनका, स्वतःची वाट शोधत होत्या. पती साहिबसिंग हाफकिन संस्थेचे संचालक. बैठकीत एकट्याने सादर होणारं कथक मेनकांनी कथानकात गुंफून समूहासह रंगमंचावर आणलं. १९३६मध्ये त्यांचं पथक बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत उतरलं. युरोपच्या दौऱ्यानंतर खंडाळ्यात त्यांची 'नृत्यालयम्' ही नृत्यशाळा उभी राहिली.

दमयंती जोशी लहानपणीच मेनकांच्या पथकात आल्या. पुढे त्यांचं नाव गाजलं ते एकल कथकमध्ये. गुरूने समूह जमवला आणि शिष्या पुन्हा एकटी नाचली, ही गंमतच. मेनका १९४७मध्ये गेल्या.