लोणारची छायाचित्रे आणि त्यांतली दडलेली नोंद

पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांच्या १९३१ सालच्या ग्रंथात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे सचित्र वर्णन आहे. छायाचित्र कुठले, हे तिथे मजकूरच सांगतो. तो पानापासून तुटला की चित्र पोरके.

१९९५ मध्ये जपानमध्ये ‘एक्झिफ’ हे मानक आले. दिनांक आणि वेळ छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदली जाऊ लागली. पुढे जीपीएसमुळे अक्षांश-रेखांशही.

जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले. नासाने २५ मे आणि १० जूनची उपग्रहचित्रे शेजारी ठेवून हा बदल दाखवला. दोन्हींचे स्थळ आणि दिनांक निश्चित होते, म्हणूनच ती तुलना शक्य झाली. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्रातून मात्र ही नोंद गळून पडते. सर्वेक्षक मूळ फाइल मागतात, ती यासाठी.

मूळ फाइलही कधी चकवते. जिओटॅग कॅमेऱ्याची जागा सांगतो, वास्तूची नव्हे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. काठावर उभे राहून आत, पाण्यालगतचे कमळजादेवी मंदिर टिपले, तर नकाशावर मंदिर थेट काठावर चढून बसते! त्यामुळे वास्तूचे नाव, आणि फाइलमध्ये नसेल तर कॅमेऱ्याची दिशाही, सर्वेक्षकाला आजही वहीत लिहावी लागते.