साचा कुणाचा?

आज आपण साच्याबद्दल बोलणार आहोत. साचा काही आपल्याला नवा नाही. मोदकाचाच घ्या. आतून तुपाचा हात फिरवायचा, साचा मिटायचा, उकड दाबून बसवायची, सारण भरायचं, खालून बंद करायचं. साचा उघडला की कळीदार मोदक हातात येतो. नीट पाहिलंत तर त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक बारीक रेघ दिसते. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात, तिथली ती खूण. बाजारात मिळणाऱ्या रेझिनच्या छोट्या बाहुल्या, मूर्ती, खेळण्यातली माणसं हातात घेऊन पाहा. घासून काढलेली नसेल तर हीच रेघ तिथेही सापडेल.

आपल्या बऱ्याच बचत गटांत सध्या रेझिनची चर्चा आहे. कीचेन, नावाच्या पाट्या, दागिने, लहान मूर्ती. रेझिन कसं ओतायचं ते प्रशिक्षणात शिकवतात. पण साचा आला कुठून आणि तो कुणाच्या मालकीचा, हे सहसा कुणी काढत नाही. या कामाचा इतिहास पाहिला तर खरी कमाई या एका प्रश्नावर ठरत आली आहे.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुन्या काळचं तगर. सातवाहनांच्या काळातलं हे मोठं व्यापारी गाव. तिथे मातीच्या सुंदर मूर्ती सापडल्या आहेत, आणि गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. त्यांतल्या कितीतरी मूर्ती दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात दाबायचा, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायचे. मूर्ती आतून पोकळ राहते, म्हणून हलकी होते आणि भाजताना तडकत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मराठवाड्यात ही युक्ती कारागिरांच्या हाताला बसली होती. हाताने घडवलेली मूर्ती एकच होते. साचा असला की तशाच कितीतरी होतात.

म्हणजे साचा हे भांडवल आहे. हे ज्या बाईने ओळखलं तिचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे, मादाम तुसाद. मेणाच्या पुतळ्यांचं लंडनमधलं संग्रहालय तिच्याच नावाचं. मारी १७६१ साली जन्मली. तिची आई डॉक्टर कुर्टियस यांच्या घरी घरकाम पाहायची. त्या डॉक्टरांनी मारीला मेणकाम शिकवलं. १७९४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचा सगळा संग्रह मारीला मिळाला. १८०२ मध्ये थोरल्या मुलाला घेऊन ती इंग्लंडला गेली, ती नवऱ्याकडे परत आलीच नाही. तीस वर्षांहून जास्त काळ ती गावोगाव पुतळे घेऊन फिरली आणि १८३५ मध्ये लंडनला कायमची जागा घेतली. ती गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९२५ मध्ये, संग्रहालयाला मोठी आग लागली. मेणच ते, कितीतरी पुतळे वितळून गेले. पण साचे वाचले होते, म्हणून पुतळे पुन्हा करता आले. पुढे १९४० मध्ये महायुद्धातला बॉम्ब पडला आणि डोक्यांचे ३५२ साचे नष्ट झाले. ते नुकसान भरून येणं फार अवघड. पुतळा गेला तर साचा पुन्हा पुतळा देतो. साचा गेला की सगळं मुळापासून घडवावं लागतं.

पूर्वीचे साचे माती, लाकूड, दगड किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचे असत. हे सगळे कडक. कडक साच्याची अडचण मोदकात कळत नाही, कारण मोदक सरळ बाहेर येतो. गणपतीची मूर्ती डोळ्यांसमोर आणा. वळलेली सोंड, पुढे आलेले हात, मांडीखालची खाच. अशा जागी कडक साचा अडकतो. ओढला तर मूर्ती तरी मोडते, नाहीतर साचा तरी. म्हणून साच्याचे खूप तुकडे करावे लागतात आणि ते जुळवायला कसलेला कारागीर लागतो. आपल्या पेणच्या गणपती कारखान्यांतही म्हणूनच रबराचे साचे आले. रबर वाकतं, अडकलेल्या जागेतून सोलून काढता येतं.

पुढचा मोठा बदल सिलिकॉन रबराने केला. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पदार्थांवर वर्षानुवर्षं काम केलं. गंमत म्हणजे त्यांचा व्यवहारात फार उपयोग होईल असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं. अमेरिकेत १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी खास सिलिकॉनसाठी उभी राहिली. मग भट्टी न लावता, साध्या खोलीत घट्ट होणारं सिलिकॉन रबर आलं. ते नमुन्यावर ओतलं की बोटाच्या ठशाएवढा बारीक तपशीलही उचलतं.

साच्यात ओतायचं रेझिनही त्याच काळातलं. एपॉक्सी रेझिनवर स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां यांनी काम केलं, ते कवळीसाठी, म्हणजे खोट्या दातांच्या कामासाठी. पुढे त्यातूनच दोन ट्यूबमधलं मिसळून लावायचं अ‍ॅरल्डाइट आलं, जे आपण तुटलेली वस्तू चिकटवायला वापरतो. दुसरं पॉलियुरेथेन. त्याचा शोध जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. लहान बाहुल्यांच्या कामात ते जास्त वापरतात, कारण त्याचे काही प्रकार काही मिनिटांतच घट्ट होतात.

या दोन्हींचा हौसेने उपयोग केला तो जपानमधल्या तरुणांनी. तिथे प्लास्टिकच्या खेळण्यांचे सुटे भाग जोडून विमानं, गाड्या बनवण्याची हौस जुनी. पण ते भाग पोलादी साच्यात, मोठ्या यंत्रावर बनत. पोलादी साचा अतिशय महाग, त्यामुळे हजारोंनी खपेल तेच कंपन्या काढणार. कुणाला सिनेमातला एखादा राक्षस हवा असेल, तोही विशिष्ट पवित्र्यात, तर तो मिळायचा नाही. १९८० च्या सुमारास हौशी मंडळींनी आपला नमुना स्वतः घडवायला, सिलिकॉनचा साचा करायला आणि घरातच रेझिन ओतायला सुरुवात केली. या मालाला नावच पडलं ‘गॅरेज किट’. गाडी ठेवायच्या जागेत बनणारा माल! ओसाका भागातल्या कायोदो या दुकानाने या कामात मोठं नाव कमावलं. ते १९६४ मध्ये सुरू झालं तेव्हा जागा जेमतेम दीड त्सुबो, म्हणजे पन्नासेक चौरस फूट होती.

त्यांची पद्धत आजही तीच आहे. आधी मूळ नमुना. नमुना अर्ध्यापर्यंत शाडूसारख्या मऊ मातीत बसवायचा आणि मातीत छोटे खळगे करायचे. वर सिलिकॉन ओतलं की त्या खळग्यांच्या खुंट्या होतात. साचा उलटा करून माती काढायची, चिकटू नये म्हणून लेप लावायचा आणि दुसरी बाजू ओतायची. खुंट्या खळग्यांत बसल्या की दोन्ही भाग हलत नाहीत. रेझिन ओतायला एक वाट आणि हवा बाहेर जायला दुसरी. हवेची वाट विसरली तर नाकाच्या शेंड्याला किंवा बोटाला बुडबुडा राहतो आणि नग वाया जातो. सिलिकॉनचा साचाही कायमचा नाही. काही डझन नग निघाले की तो फाटू लागतो. म्हणून मूळ नमुना जपून ठेवायचा.

आता पाहा. घरी साचा करता येऊ लागला तसा नवा प्रश्न उभा राहिला. सिनेमातलं पात्र दुसऱ्याचं, मग त्याची बाहुली विकायची कशी? जपानी लोकांनी यावर छान तोड काढली. १९८५ पासून तिथे ‘वंडर फेस्टिव्हल’ नावाचा मेळा भरतो. त्यात ‘त्या दिवसापुरता हक्क’ अशी पद्धत आहे. घरी बाहुल्या करणारा आधी अर्ज करतो, पात्राचा मालक नमुना पाहून परवानगी देतो, ठरलेले पैसे घेतो. मग त्या एका दिवशी, त्याच मेळ्यात, ठरलेले नग विकायचे. दुसऱ्या दिवशी तो हक्क संपला. मालकाचा मान राहिला आणि लहान कारागिराचा हातही अडला नाही.

गोष्ट इथेच थांबली नाही. १९९९ मध्ये कायोदोने फुरुता या चॉकलेट कंपनीसाठी चॉकलेटच्या अंड्यात घालायचे इवलेसे प्राणी केले. ते तुफान खपले. एवढा माल घरच्या साच्यात होणं शक्य नव्हतं. काम पुन्हा कारखान्याकडे, चीनमध्ये गेलं, आणि ते इवलेसे प्राणी तिथल्या कामगारांनी एक एक करून हाताने रंगवले. नमुना घडवणाऱ्याचं नाव झालं. रंगवणाऱ्या हातांची नावं कुणी विचारली नाहीत.

मैत्रिणींनो, आपण यातल्या कोणत्या जागी उभ्या आहोत? बाजारातून तयार साचा आणायचा आणि त्यात रेझिन ओतायचं, तर तोच साचा शेजारच्या गावातल्या गटाकडेही असतो. मग जत्रेत दहा टेबलांवर तीच फुलपाखरं, आणि भाव कोण किती पाडतं त्यावर विक्री. मोबाईलवरच्या कार्टूनची बाहुली ओतली तर ते पात्र दुसऱ्याचं. मालकाने हरकत घेतली तर माल उचलावा लागेल. आपल्या गावच्या यात्रेतली पालखी, आपल्या डोंगरावरचा पक्षी, आजीच्या पाटल्यांची नक्षी यांचा नमुना गटातल्या एखाद्या ताईने शाडूत घडवला, तर साचा आपला. वस्तूचा नवा आकार किंवा नक्षी भारतात २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येते. नोंदणी दहा वर्षं चालते आणि आणखी पाच वर्षं वाढवता येते. मात्र वस्तू बाजारात किंवा मोबाईलवर दाखवण्याआधी अर्ज करावा लागतो.

आणखी एक, जीवाचं. एपॉक्सी कातडीला लागत राहिलं तर अशी अ‍ॅलर्जी जडते की पुढे त्या कामाला हातच लावता येत नाही. पॉलियुरेथेनच्या एका भागातल्या आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो. पदराने किंवा साध्या कापडी मास्कने वाफ अडत नाही. हे काम स्वयंपाकघरात नको, लेकरांजवळ नको. नायट्राइलचे हातमोजे, खेळती हवा, वाफेसाठीचा योग्य मास्क आणि वेगळी भांडी हवीतच. घासायचं ते पाण्यात घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही. हा खर्च किमतीत धरा. तो धरून भाव परवडत नसेल, तर ते काम आपल्याला परवडत नाही.

पुढच्या मासिक बैठकीत रेझिनचा विषय निघाला तर किलोचा भाव नंतर विचारा. आधी विचारा, नमुना कोण घडवणार, साचा कुणाच्या नावावर राहणार, आणि ती ताई गट सोडून गेली तर तिला काय मिळणार. उत्तरं ठरली की ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.