खुलताबादचे दोन ग्रंथ आणि संगणकावरचा मजकूर

१/ महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलवली, त्या काळात दिल्लीहून दख्खनेत आलेल्यांपैकी एक म्हणजे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब. १३३७ मध्ये ते निवर्तले. त्यांचा दर्गा खुलताबादेत आहे.

२/ त्यांची वचने काशानी बंधूंनी फारसीत नोंदवली. रुक्नुद्दीन यांचा ‘नफाइसुल अनफास’ बैठकींच्या तारखांप्रमाणे चालतो. हम्माद यांचा ‘अहसनुल अक्वाल’ विषयवार लावलेला आहे. गुरू एकच, रचना दोन.

३/ हस्तलिखितात ठरलेला क्रम बदलायचा, तर ग्रंथ नव्याने लिहावा लागे. प्रकरण कोठे संपले हे लेखनिक बहुधा तांबड्या शाईने दाखवीत. मराठी पोथ्यांतही ही रीत आढळते. त्या रंगात शोभा होती, तसाच अर्थही होता.

४/ संगणकाने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. १९७४ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ‘ब्राव्हो’ तयार झाला. पडद्यावर दिसेल तेच कागदावर उमटावे, हे त्याचे सूत्र. आजचे वर्ड प्रोसेसर त्याच परंपरेतले.

५/ १९७७ मध्ये स्वतःच्या ग्रंथाची मुद्रिते पाहून डोनाल्ड नूथ निराश झाले आणि त्यांनी ‘टेक्’ रचण्यास घेतले. लेस्ली लॅम्पोर्ट यांचे ‘लाटेक्’ त्यावर उभे राहिले. येथे लेखक ‘हे प्रकरण’, ‘ही तळटीप’ एवढेच खुणेने सांगतो. अक्षरांचा आकार, अंतर, क्रमांक प्रणाली ठरवते.

६/ वर्ड प्रोसेसर शिकण्यास सोपा. पत्र, अर्ज, निमंत्रण त्यातच करावे. शेकडो तळटिपांच्या प्रबंधास मात्र खुणांची पद्धत मानवते. एक टीप मध्ये घातली, की पुढचे सारे संदर्भ आपोआप सरकतात.

७/ मराठीने यात मोठी किंमत मोजली. युनिकोड रुळण्यापूर्वीचे बहुतेक फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फाँट हरवला, की फाइलीत निरर्थक चिन्हे उरतात. दोष वर्ड प्रोसेसरचा नव्हे, केवळ दिसण्यावर विसंबण्याचा होता.

८/ याउलट १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी टेक्साठी देवनागरी लिप्यंतर दिले. त्यातली साधी रोमन फाइल आजही वाचता येते.

९/ गावाचा इतिहास टंकित करणाऱ्यांनी म्हणून दोन पथ्ये पाळावीत. मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा; आणि शीर्षक केवळ ठळक न करता ‘शीर्षक’ म्हणूनच नोंदवावे. ही सोय वर्ड प्रोसेसरच्या ‘स्टाइल’मध्येही आहे. मग तोच मजकूर तारखेप्रमाणे लावता येईल, विषयाप्रमाणेही.